सतरा

औक्षणाचं तबक तिने स्वतःच काढलं.
सुपारी सापडेना, म्हणून अक्रोड ठेवला.
"चालेल ना?"
चालेल. या घरात सतरा वर्षं बरंच काही चाललंय:
पेढ्याऐवजी शॉर्टब्रेड,
निरांजनात वितळलेलं स्कॉटिश लोणी,
आणि जरा धूर झाला की छतावरून किंचाळणारा तो अलार्म,
ज्याला ती लहानपणी "वरची आत्या" म्हणायची.

आत्या आजही ओरडली.
उज्ज्वला एका हाताने ओवाळत होती,
दुसऱ्या हाताने मी टॉवेल हलवत होतो तिकडे बघून
हसू नको म्हणून खुणावत होती.
शाल्मली स्टुलावर बसलेली.
गुडघे कुठे ठेवायचे हे तिला कळत नव्हतं,
आणि मलाही नाही
की हे एवढे लांब गुडघे आणले कुणी घरात.

मग तिने किल्ली वाजवली.
"बाबा, रविवार आहे. कार पार्क रिकामा असेल."

ब्रॉटी फेरीचा किल्ला फेब्रुवारीत
कुणाशी बोलत नाही.
टे नदी जिथे समुद्राला मिळते
तिथे धुकं इतकं, की नदी संपली कुठे
हे बदकांनाही विचारावं लागलं असतं.
मी लाल एल चिकटवला, पुढे एक, मागे एक.
थंडीत चिकटेना. तळहाताने दाबून धरला,
ताप बघतात तसा.

माझ्याच गाडीत मी डावीकडे बसलो.
इथून रस्ता वेगळाच दिसतो, जरा जास्तच जवळ.
"आरसा," म्हणालो. "पट्टा," म्हणालो.
"क्लच हळू. अजून हळू."
गाडी तीनदा बंद पडली.

शिव्या तिला इंग्रजीतच येतात, त्याही डंडीच्या;
पण चौथ्यांदा तिने स्टिअरिंगवर हात ठेवला
आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली,
"चल गं बाई, चल. थोडंच राहिलंय."

हे मी म्हणायचो.
हिलटाउनच्या चढावर, बर्फात,
लाल बूट घातलेली एक मुलगी मध्येच बसकण मारायची तेव्हा.
तिला आठवत असेल असं वाटलं नव्हतं.
तिला आठवत नाहीच बहुतेक.
फक्त येतं.

गाडी सुटली.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. हॉस्पिटलातल्या, मॉलमधल्या.
आत कुणी अडकलं तर आधी दाराशी तोंड नेऊन सांगायचं असतं:
घाबरू नका, मी इथेच आहे.
हत्यारं नंतर.
वीस वर्षं मी बंद दारांशी बोलतोय.
तिच्या जन्माच्या रात्रीही
एका पांढऱ्या दाराशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटलो होतो,
आणि आतून पहिल्यांदा कुणीतरी
मला उलट उत्तर दिलं होतं, चांगलं खणखणीत.

तिने दोन फेऱ्या मारल्या, मग पाच.
कुत्रा फिरवणाऱ्या एका म्हाताऱ्याने हात केला,
तिनेही केला, स्टिअरिंग सोडून.
माझा उजवा पाय चटईवर जोरात दाबला गेला.
तिथे काही नाही.
रबर, थोडी वाळू, गेल्या उन्हाळ्यातलं एक चिपाटलेलं शिंपलं.
तरी दाबत राहिलो, प्रत्येक वळणाला,
आणि गाडी प्रत्येक वळणाला
माझ्याशिवाय नीट वळली.

"रस्त्यावर काढू?"
मी मागे पाहिलं, धुक्यात पाहिलं,
पॉलिसीचा कागद आठवला.
"काढ," म्हणालो.
तिने सिग्नल दिला. टिक, टिक.
कुणीच येत नव्हतं.
तरी ती थांबून राहिली, दोन्हीकडे बघत,
मी शिकवलं होतं त्याहून जास्त वेळ.

आता ती मैत्रिणींबरोबर गेलीय, पर्थ रोडला, बसने.
उज्ज्वला झोपली.
तबकातला अक्रोड अजून तिथेच आहे;
फोडावा की जपावा, याचा काही नियम
आमच्या घराण्यात नाही.
आत्या गप्प आहे.
पोटरी मात्र दुखतेय,
उजवी.